वापरलेल्या बॅगेचा नफा

श्रोतेहो, नमस्कार.

10 जुलै 2025 रोजी पॅरिसमध्ये सदबीज या लिलावसंस्थेने एक काळी चामड्याची हँडबॅग शुल्कासह सुमारे 86 लाख युरोंना विकली. गायिका-अभिनेत्री जेन बर्किन यांच्यासाठी एर्मेस या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच कंपनीने 1980 च्या दशकात बनवलेली ही पहिली ‘बर्किन’ बॅग. चामडे झिजलेले, त्यावर कधीकाळी चिकटवलेल्या स्टिकरांचे पुसट ठसे आणि सोबत लोंबणारे नेलकटर, अशा अवस्थेत ती विकली गेली. जेन बर्किन यांनी 1994 मध्ये ती एड्सविरोधी कार्याच्या मदतीसाठी लिलावात दिली होती. 2000 मध्ये ती पॅरिसमधल्या एका संग्राहक व्यावसायिक महिलेकडे आली आणि त्यांनी ती पंचवीस वर्षांनी विकली. या नफ्यात मला काहीही वावगे दिसत नाही, कारण बॅग कोणाकोणाच्या हातून आली आणि तिच्यावर कोणते डाग आहेत, हे सारे बोली लावणाऱ्यांपुढे उघड होते.

वापरलेल्या महागड्या बॅगांच्या ऑनलाइन बाजारात हीच उघड माहिती पुष्कळदा हरवते. कायद्याची बाजू त्यामानाने सरळ आहे. आपल्याकडच्या 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम 30 सांगते की रीतसर खरेदी केलेला माल पुढे विकला म्हणून चिन्हाचा मालक एरवी तक्रार करू शकत नाही. मात्र मालाची स्थिती बदलली किंवा बिघडली असेल, तर त्याला हरकत घेता येते. आता बॅगेचे घासलेले कोपरे रंगवून घेतले, हातातल्या घामाने काळवंडलेल्या मुठीवर रंगाचा हात फिरवला आणि जाहिरातीत ‘क्वचितच वापरलेली’ असे लिहिले, तर विक्रेत्याने नेमके काय विकले? डागडुजी करणे गैर नाही. ती लपवून नव्याच्या जवळपासचा भाव लावणे गैर आहे. आतल्या अस्तराला येणारा कुबट वास छायाचित्रात दिसत नाही, म्हणून तो शब्दांत लिहिणे हे विक्रेत्याचेच काम ठरते.

मात्र या व्यापाराच्या नीतीची चर्चा होते तेव्हा सगळ्यांचे लक्ष शेवटच्या खरेदीदाराकडे असते. मला अधिक काळजी वाटते ती पहिल्या विकणाऱ्याची. घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर कपाट रिकामे करणाऱ्या मुलीला किंवा अडचणीत पैसे उभे करू पाहणाऱ्या बाईला आपल्या बॅगेचा बाजारभाव ठाऊक नसतो. घेणाऱ्याला तो ठाऊक असतो. ते ज्ञान त्याने वर्षानुवर्षे बॅगा हाताळून मिळवलेले असते आणि त्याचा मोबदला त्याने जरूर घ्यावा. शिवाय बॅग विकली गेली नाही तर अडकलेले पैसेही त्याचेच असतात. परंतु समोरची व्यक्ती ‘हिचे साधारण किती येतील?’ असे विचारत असताना मुद्दाम कमी आकडा सांगणे, किंवा अस्सल बॅगेवर नकलीचा संशय घेऊन भाव पाडणे, ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे, मग पुढच्या खरेदीदाराला ती बॅग कितीही प्रामाणिकपणे विकलेली असो. सोनाराकडे मोड घालताना आपण निदान वजनकाटा पाहतो. इथे काटाही घेणाऱ्याच्याच डोक्यात असतो.

दुकानातून नवी कोरी बॅग घेऊन दुसऱ्याच दिवशी चढ्या भावाने विकणाऱ्यांचा प्रकार वेगळा. एर्मेसची बर्किन कोणीही दुकानात जाऊन हवी तेव्हा उचलू शकत नाही, आणि या टंचाईतच त्यांचा नफा असतो. चैनीच्या वस्तूसाठी कोणी जास्त पैसे मोजले म्हणून माझे मन फारसे हळहळत नाही. अशा मालाला ‘जुना वापरात आणून पर्यावरण वाचवा’ असले लेबल लावलेले मात्र खटकते.

राहिला प्रश्न मध्यस्थ संकेतस्थळांचा. ती विक्रीवर कमिशन घेतात आणि बॅग तपासून ‘अस्सल’ असा शिक्का देतात. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने शनेल कंपनीच्या दाव्यात जुन्या मालाच्या एका विक्रेत्याविरुद्ध 40 लाख डॉलर भरपाईचा निर्णय दिला. त्या प्रकरणात नकली बॅगांचा मुद्दा होता, आणि शनेलशी संबंध असल्याचा भास निर्माण करणाऱ्या जाहिरातींचाही. म्हणून श्रोतेहो, पैसे भरण्यापूर्वी संकेतस्थळाला एक गोष्ट लेखी विचारावी: परतीची मुदत उलटल्यावर बॅग नकली निघाली, तर पूर्ण रक्कम कोण परत करणार? उत्तर गोलमोल आले, तर त्या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

नमस्कार.