ताबा मिळाल्यानंतरची पाच वर्षं

(दृश्य: इंदूर, निपानियाकडच्या नव्या मल्ट्या, म्हणजे बहुमजली इमारती. पावसाळी आभाळ.)

इंदूरची कितीतरी मराठी कुटुंबं रामबाग, नंदलालपुऱ्यातले वाडे सोडून बायपासच्या बाजूला मल्टीत राहायला आली. वाड्यात कुठे गळलं तर ओळखीचा गवंडी यायचा. इथे आयुष्यभराची पुंजी आणि डोक्यावर लांबलचक कर्ज, सगळं एका रजिस्ट्रीत गुंतलेलं. आणि पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात ओल येते.

बिल्डरचा माणूस येतो, भिंतीवर हात फिरवतो आणि म्हणतो, "काका, नव्या घरात एवढं होतंच." काका ऐकून घेतात. दिवाळीला भिंतीला नवा रंग देतात. पुढच्या पावसाळ्यात पोपडे पुन्हा निघतात.

इथेच आपलं नुकसान होतं. रेरा, म्हणजे 2016 चा स्थावर संपदा कायदा, त्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट लिहिलंय: ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत दोष निदर्शनास आणला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा. नाही केला, तर भरपाई मागण्याचा हक्क. ही बिल्डरची मेहेरबानी नाही. रजिस्ट्री झाली म्हणून ही जबाबदारी सुटत नाही, आणि करारात "वॉरंटी एक वर्ष" छापलं म्हणून पाचाचं एक होत नाही.

(दृश्य: तळमजल्याच्या भिंतीवरची तिरकी भेग, जवळून.)

"हा स्ट्रक्चरल प्रॉब्लेम नाही," हे उत्तर हमखास मिळतं. पण कायदा फक्त स्ट्रक्चरबद्दल बोलत नाही. कारागिरी, मालाचा दर्जा, सेवासुविधा, सगळंच त्यात आहे. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर जाळी न मारता गिलावा केला, तर तिथे सरळ उभी चीर पडते. इमारत त्याने कोसळणार नाही, पण ही कारागिरीतली चूकच आहे. बाथरूमच्या खालचं वॉटरप्रूफिंग घाईत उरकलं, तर खालच्या घराच्या छताला डाग पडतात. तेही यातच येतं.

मालव्याची काळी माती तर वेगळीच परीक्षा घेते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया पुरेसा खोल नेला नाही, भराव नीट दाबला नाही, तर फरशी खचते आणि भिंतीला तिरकी भेग जाते. म्हणून घर एका पावसाळ्यावरून आणि एका उन्हाळ्यावरून कळत नाही. 5 वर्षांचं खरं मोल इथे आहे. खरं सांगायचं तर ही मुदतही मला अपुरी वाटते. काँक्रीटच्या आतली सळई गंजते तेव्हा बाहेर काही दिसायला याहून जास्त वर्षं लागू शकतात.

मात्र फोनवर सांगितलेलं उद्या सिद्ध कसं करणार? तारखेसह फोटो काढा. ईमेल करा, स्पीड पोस्टने पत्र पाठवा, पावती जपा. पझेशन लेटर, म्हणजे ताबापत्र, हाताशी ठेवा, कारण मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. आणि आधी स्वतःच्या खर्चाने डागडुजी करू नका, पुरावाच पुसला जातो. गच्ची, लिफ्ट, पाण्याची टाकी, ही तक्रार रहिवासी संघाने एकत्र करावी. त्यासाठी नकाशे आणि लिफ्ट-पंपांची वॉरंटी कार्डं बिल्डरकडून आधीच ताब्यात घ्यावीत.

दाद मागायची ती भोपाळच्या मध्य प्रदेश रेरा प्राधिकरणाकडे, अर्ज ऑनलाइन करता येतो. आदेश होऊनही बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होतात. त्यात वेळ जातो, चिकाटी लागते.

आठ किंवा त्याहून कमी फ्लॅटच्या, किंवा 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या बांधकामाला रेरा नोंदणी सक्तीची नाही. अशा ठिकाणी दुरुस्तीची हमी करारातच लिहून घ्या. ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पण तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांत जावं लागतं.

(दृश्य: टेबलावर उघडलेली फाइल, वर पझेशन लेटर.)

2022 मध्ये ज्यांना ताबा मिळाला, त्यांची मुदत 2027 मध्ये संपते. भिंतीवर काही दिसत असेल, तर पत्र आजच लिहा.