रूट कॅनालमधलं ‘पाणी’ दात ठिसूळ करतं का?

नमस्कार. रूट कॅनाल करताना डॉक्टर सिरिंजने दाढेत सारखं काहीतरी सोडत असतात आणि स्विमिंग पूलसारखा वास येतो, आठवतंय? ते साधं पाणी नसतं. ते असतं सोडियम हायपोक्लोराइट, आम्ही नुसतं ‘हायपो’ म्हणतो. कपड्यांच्या ब्लीचमधलंच. मग ज्यानं कपडा विरतो, ते दाताला सोडेल का? शंका रास्त आहे.

आधी डेंटिन बघू, म्हणजे इनॅमलच्या आतला थर. घराचा स्लॅब समजा. वजनात ७० टक्क्यांच्या आसपास खनिज, ते काँक्रीट. साधारण २० टक्के सेंद्रिय भाग, त्यात मुख्य कोलॅजेन. ती सळई. बाकी पाणी.

हायपो सळई खातो. नसेचे कुजके तुकडे विरघळवायला हाच गुण हवा असतो, पण कुजकं कुठलं आणि धडधाकट कुठलं हे त्याला कळत नाही. प्रयोगशाळेत डेंटिनच्या पट्ट्या ५.२५ टक्के हायपोत बराच वेळ बुडवून वाकवल्या, तर त्या कमी जोरात मोडल्या. ०.५ टक्क्याच्या हायपोत तसा ठळक फरक दिसला नाही.

दुसरं द्रावण ईडीटीए, बहुधा १७ टक्के. फाइल, म्हणजे दाताची आतली नळी साफ करायची सुईसारखी बारीक कानस, घासताना भिंतीवर जो भुसा थापला जातो, तो काढायला. हे कॅल्शियम उचलतं, म्हणजे काँक्रीटच पोखरतं. एक मिनिट पुरतं. दहा मिनिटं ठेवलं तर डेंटिनच्या बारीक नळ्यांची तोंडं झिजून रुंदावतात. त्यात काँक्रीट निघाल्यावर सळई उघडी पडते. त्यावर पुन्हा हायपो बराच वेळ ठेवला, तर झीज आणखी वाढते. म्हणून क्रम आणि घड्याळ, दोन्ही सांभाळावं लागतं.

मग नुसत्या सलाइनने धुवायचं? नाही हो. सलाइन ना कुजकं विरघळवत, ना जंतू मारत. आत घाण राहिली तर मजबूत दाढ घेऊन करायचं काय?

आणि खरा चोर वेगळाच आहे. १९८९ साली उपदाढांवर झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनालच्या कामामुळे दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्के घटला. पण पुढची-मागची कड गेलेल्या मोठ्या खड्ड्यामुळे? ६३ टक्के! म्हणजे दाढ बहुतेकदा मोडते ती किडीनं आधीच भिंती खाल्ल्यामुळे. आणि दुखणं थांबलं की आपण कॅपची अपॉइंटमेंट ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो. त्याच दाढेनं मग चकली फोडायची असते.