देवदार सोरचा, प्रार्थना शलमोनाची

बंधुभगिनींनो, ख्रिस्ती संमेलनाला ख्रिस्ती नसलेला वक्ता बोलवावा का, या प्रश्नावर पंचकमिटीत हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, सत्य कुणीही सांगितलं तरी ते सत्यच. दुसरा म्हणतो, उपदेशपीठ कुणालाही देण्याची गोष्ट नाही. मला दोघांचंही पटतं, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी सत्रं असतात.

बायबलमधलं १ राजे, पाचवा अध्याय काढा. यरुशलेमेच्या मंदिरासाठी देवदार हवा होता. लाकूड तोडण्यात सीदोनी लोकांची बरोबरी करणारं आमच्यात कुणी नाही, असं इस्राएलचा राजा शलमोन यानं शेजारच्या सोर नगराच्या हीराम राजाला स्वतःच कळवलं. मोबदलाही ठरला: दरसाल २०,००० कोर (त्या काळचं मोठं माप) गहू आणि २० कोर शुद्ध तेल. शिवाय शलमोनाची ३०,००० माणसं, दरमहा १०,००० अशा पाळीनं, लबानोनात जाऊन राबत होती. सातव्या अध्यायात पितळेच्या कामासाठी सोरहून दुसरा हीराम येतो. आठव्या अध्यायात समर्पणाचा दिवस उजाडतो, आणि वेदीपुढे हात पसरून प्रार्थना करतो तो मात्र शलमोन. हीराम राजानंही परमेश्वराला धन्य म्हटलं होतं, पण हीरामकडे मागितलं गेलं ते लाकूडच.

आता अलीकडचं उदाहरण. शिकागोजवळच्या विलो क्रीक मंडळीनं (चर्चनं) १९९५ साली नेतृत्व परिषद सुरू केली. पुढे तिथे जिम कॉलिन्स यांच्यासारखे व्यवस्थापनतज्ज्ञ बोलले. २०११ मध्ये स्टारबक्सचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ येणार होते. ही मंडळी समलिंगी व्यक्तींच्या विरोधात आहे, असा आरोप करणारी ऑनलाइन याचिका निघाली आणि परिषद तोंडावर असताना त्यांनी माघार घेतली. मंडळीनं दंड न घेता त्यांना करारातून मोकळं केलं, ते योग्यच झालं. पाहुण्यालाही आपल्या व्यासपीठाची किंमत मोजावी लागते, हे आपण विसरतो.

त्याच मंडळीची पुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. २०१८ मध्ये संस्थापक पाळक बिल हायबेल्स यांनी गैरवर्तनाच्या आरोपांनंतर पद सोडलं. आरोप त्यांनी नाकारले. काही महिन्यांत मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलवर्गानंही तक्रार करणाऱ्या स्त्रियांची माफी मागून राजीनामा दिला. इतकी वर्षं यशस्वी माणसांना ऐकलेल्या मंडळीला तक्रार आल्यावर काय करायचं ते उमगलं नव्हतं. बाहेरचा माणूस कशासाठी बोलवायचा, याचा विचार इथून सुरू व्हावा असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे संडे स्कूलच्या किती शिक्षकांना पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, माहीत आहे? २०१२ च्या या कायद्याचं कलम १९ सांगतं की मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता दिसली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आधी कमिटीत बोलू" ही आपली सवय इथे मुलाचा घात करते. हे शिकवायला बालहक्कांचं काम करणारा वकील बोलवा. तो कोणत्या धर्माचा आहे हे विचारूही नका. तसंच ट्रस्टचं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अहवाल द्यायचा असतो. तो राहिला की जुनीच नावं नोंदीत राहतात आणि पुढे जमिनीच्या नाहीतर बँकेच्या कामात सगळं अडतं. चांगला सीए हे तासाभरात समजावतो.

निमंत्रण पत्रानंच द्या. त्यात विषय एका वाक्यात, वेळ (४० मिनिटं बोलणं, २० मिनिटं प्रश्न), श्रोते कोण, मानधन किती आणि आपली मंडळी काय मानते, हे सगळं यावं. मानधन द्याच, "प्रभूची सेवा समजा" हे त्या माणसाला सांगता येत नाही. सत्र सकाळच्या उपासनेला चिकटवू नका. मध्ये चहा ठेवा, सभागृह बदलता आलं तर उत्तम. सुरुवातीची प्रार्थना आपल्यातल्यानं करावी. पाहुण्याला स्वतःच्या श्रद्धेची साक्ष द्यायला लावू नये, आणि सगळ्यांदेखत विश्वासाचं आवाहन तर मुळीच करू नये. त्याला वकील म्हणून बोलावलं आहे. फसवून बसवल्यासारखं वाटलं तर तो पुन्हा येणार नाही, आणि ते रास्तच आहे.

राजकीय पुढाऱ्याला मात्र मी या यादीत धरत नाही. तो काही शिकवायला येत नाही, सत्कारातच पाऊण तास जातो, आणि तोवर बायबल अभ्यासाची वेळ संपलेली असते.

वक्त्याचं म्हणणं वचनाशी जुळत नसेल, तर पाळकांनी प्रश्नोत्तरांत, तो समोर बसलेला असताना, सभ्यपणे तसं सांगावं. त्याची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर उपदेशपीठावरून त्याचं खंडन करू नये.