पिछाडीचा ॲडमिरल: नौदलातील वरिष्ठ हुद्द्यांची नावे

नौदलातील वरिष्ठ हुद्द्यांची नावे ऐकताना ‘रिअर ॲडमिरल’पाशी अनेकजण थबकतात. ज्याच्या हुकमाखाली अनेक युद्धनौका असतात, त्या अधिकाऱ्याला ‘पिछाडीचा’ असे का म्हणावे? याचे उत्तर 17व्या शतकातील इंग्रज आरमाराच्या रचनेत सापडते. लढाईला निघालेल्या ताफ्याचे तेव्हा आघाडी, मध्य आणि पिछाडी असे तीन भाग केले जात. ताफ्याचा प्रमुख ॲडमिरल मध्यभागी राही, त्याचा दुय्यम असलेला व्हाइस ॲडमिरल आघाडी सांभाळी आणि मागच्या जहाजांची जबाबदारी रिअर ॲडमिरलवर असे. ताफ्यातील जागेचेच पुढे पदनाम झाले.

डच आरमाराने या पिछाडीच्या अधिकाऱ्याला दिलेले नाव त्याहून बोलके आहे. ‘स्खाउट-बै-नाख्त’ म्हणजे रात्री देखरेख करणारा अधिकारी. अंधारात ताफ्यातील जहाजे भरकटू नयेत, हे पाहणे त्याच्याकडे असे. डच नौदलात हा हुद्दा आजही याच नावाने ओळखला जातो. ‘ॲडमिरल’ या मूळ शब्दाचा मात्र आरंभी समुद्राशी काहीच संबंध नव्हता. तो अरबी ‘अमीर’ म्हणजे सरदार या शब्दापासून आला आणि 12व्या शतकात सिसिलीच्या नॉर्मन राजवटीत आरमारप्रमुखाशी जोडला गेला.

शिडाच्या जहाजांच्या काळात सेनापती कोठे आहे, हे दुरून कळण्याचे साधन म्हणजे निशाण. मधल्या डोलकाठीवर ते फडकत असेल तर जहाजावर ॲडमिरल आहे, पुढच्या डोलकाठीवर असेल तर व्हाइस ॲडमिरल आणि मागच्या डोलकाठीवर असेल तर रिअर ॲडमिरल, असा संकेत होता. या तिघांना ध्वजाधिकारी आणि त्यांच्या जहाजाला ध्वजनौका म्हणतात, ते यामुळेच. पुढे तीन डोलकाठ्यांची जहाजे मागे पडली, तेव्हा ब्रिटिश नौदलाने निशाणावरच खूण केली: व्हाइस ॲडमिरलसाठी एक लाल गोळा, रिअर ॲडमिरलसाठी दोन.

ब्रिटिश ताफ्यात लाल, पांढरे आणि निळे अशी तीन पथके होती आणि प्रत्येक पथकाच्या नावाने वेगळे हुद्दे असल्याने बढतीची शिडी बरीच लांब झाली होती. 1805मध्ये ट्रफाल्गारच्या लढाईत मरण पावलेला नेल्सन हा पांढऱ्या पथकाचा व्हाइस ॲडमिरल होता. ज्या ज्येष्ठ कॅप्टनला बढती द्यायची, पण पथक द्यायचे नाही, त्याला थट्टेने ‘पिवळा ॲडमिरल’ म्हणत. पिवळे पथक अर्थातच अस्तित्वात नव्हते! रंगांची ही विभागणी 1864मध्ये रद्द झाली.

कॅप्टन आणि रिअर ॲडमिरल यांच्या मधोमध असलेल्या कमोडोरचे स्थान प्रदीर्घ काळ अधांतरी राहिले. काही जहाजांचे नेतृत्व तात्पुरते सोपवलेला कॅप्टन कमोडोर म्हणवला जाई आणि ती कामगिरी संपताच पुन्हा कॅप्टन होई. ब्रिटिश नौदलाने त्याला कायम हुद्द्याचा दर्जा 1997मध्ये दिला.

वापरात सर्वाधिक घोटाळा होतो तो ‘कॅप्टन’चा. नौदलातील कॅप्टन हा भूदलातील कर्नलच्या बरोबरीचा असतो, तर भूदलातील कॅप्टन हा नौदलातील लेफ्टनंटच्या बरोबरीचा. त्यातच लहान जहाजाचा प्रमुख हुद्द्याने लेफ्टनंट कमांडर असला, तरी त्याचे खलाशी त्याला ‘कॅप्टन’च म्हणतात, कारण तेथे तो शब्द पदाचा नसून कामाचा असतो. इंग्रजी बोलणाऱ्या नौदलांत व्हाइस आणि रिअर ॲडमिरललाही समोरासमोर केवळ ‘ॲडमिरल’ म्हणण्याची रीत आहे. लेखी मजकुरात मात्र पूर्ण हुद्दा लिहावा लागतो.

अमेरिकेला तर ‘ॲडमिरल’ हा शब्दच राजेशाहीचा वाटत असे. तेथे पहिला रिअर ॲडमिरल, डेव्हिड फॅरागट, 1862मध्ये झाला. त्या नौदलाने कमोडोर हे नाव अनेकदा काढले आणि परत आणले. अखेर 1985पासून त्या पायरीला रिअर ॲडमिरलची खालची श्रेणी म्हणतात. दोन्ही श्रेणींतील अधिकारी रिअर ॲडमिरलच म्हणवले जातात, म्हणून त्यांच्यातील थोरला कोण हे गणवेशावरील तारे मोजून ठरते: खालच्या श्रेणीला एक, वरच्या श्रेणीला दोन.