भट्टीपुढचा फळा

नमस्कार मंडळी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, या पट्ट्यातल्या फाउंड्रीवाल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आज एक चित्र काढायला लावणार आहे.

फळ्याच्या मधोमध एक गोल काढा. आत लिहा, कधीच होऊ नये अशी गोष्ट: 'वितळलेल्या मेटलखाली पाणी सापडलं.' डावीकडे कारणं: ओलं भंगार, भट्टीच्या पाणी फिरणाऱ्या कॉईलची गळती, पिटात, म्हणजे भट्टीजवळच्या खड्ड्यात, साठलेलं पाणी. उजवीकडे परिणाम: भाजणं, आग, उडालेलं छप्पर. कारणांपासून गोलापर्यंत आणि गोलापासून परिणामांपर्यंत रेघा ओढा. प्रत्येक रेघेवर उभ्या पट्ट्या मारा, ते अडसर, म्हणजे वाट अडवणारे उपाय. पुन्हा सांगतो, डावीकडे कारणं, उजवीकडे परिणाम, रेघांवर अडसर. सगळं मिळून बँडवाल्याच्या गळ्यातल्या बोसारखं दिसतं, म्हणून नाव बो-टाय. १९८८ साली उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर १६७ माणसं गेली. त्यानंतर तेल कंपन्यांनी हे चित्र मनावर घेतलं.

पाण्याची वाफ झाली की ती साधारण १६०० पट जागा मागते. मेटलखाली अडकलेल्या वाफेला ती जागा कोण देणार? ती मेटलच उडवते.

आता किस्सा. हा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्याकडचीच एक फाउंड्री, नाव नको. श्रावणातले दिवस, बाहेर झड लागलेली. नव्या इंजिनिअर साहेबांनी शिफ्ट सुटताना हेच चित्र फळ्यावर काढलं. चार रंगांचे खडू, झकास. भट्टीवरचे जुने मामा मागं उभे. म्हणाले, "साहेब, चितार झ्याक हाय. पर ह्या पट्टीखाली नाव कुनाचं?"

साहेब म्हणाले, "मेंटेनन्स डिपार्टमेंट."

"डिपार्टमेंट रात्री दोनला उठून येतंय व्हय? मानसाचं नाव लिवा की."

साहेब लिहायला लागले. भंगार ताडपत्रीनं झाकणं? रात्रपाळीचा हेल्पर. भंगारातले जुने शॉकअॅब्सॉर्बर, बंद नळ्या वेगळ्या काढणं? तोच हेल्पर. चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायचा माल, आधी गरम करून सुकवणं? तोच. पिट कोरडा बघणं? तोच! मामांनी विचारलं, "आन त्यो कुटं हाय आज?" कुणीतरी म्हणालं, षष्ठीच्या यात्रेला. मामा फळ्यापाशी गेले, चारही पट्ट्यांवर बोट फिरवलं. "म्हंजे चार अडसर न्हाईत साहेब. एकच हाय, आन त्यो जोतिबाला गेलाय."

सगळा शॉप हसला. साहेब नाही हसले. त्यांनी डस्टर घेतला, तीन नावं पुसली. पिट फिटरकडे गेला, बंद नळ्या भंगार उतरवून घेणाऱ्याकडे, चार्ज सुकवणं थेट भट्टीवाल्याकडे. मामांचं तेवढ्यावर भागलं नाही. उजवीकडच्या 'पळायची वाट' या पट्टीवर त्यांनी फुलीच मारली, कारण त्या वाटेवर मोल्डिंगच्या पेट्या रचलेल्या होत्या.

माझं मत विचाराल तर ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला शपथ, फोटो आणि प्रमुख पाहुण्यांचं तासभर भाषण, यापेक्षा मामांना अर्धा तास खडू द्यावा. पाहुण्यांना सेफ्टी शूज घालूनच व्यासपीठावर बोलवायचा नियम केला, तर निम्मी भाषणं आपोआप कमी होतील. असो.

अडसर कागदावर असणं वेगळं आणि चालू असणं वेगळं. १९८४ साली भोपाळला रसायन थंड ठेवणारी यंत्रणा होती, पण बंद. गळलेला वायू जाळणारा मनोरा होता, पण त्याची पाइपलाइन दुरुस्तीसाठी सुटी केलेली. म्हणून प्रत्येक पट्टीखाली दोन गोष्टी लिहा: माणसाचं नाव आणि शेवटचं कधी तपासलं. पुन्हा सांगतो, नाव आणि तारीख. आणि चित्र रात्रपाळीला दाखवा, मराठीत; लॅमिनेट केलेलं इंग्रजी ऑफिसात राहू दे.

गाळपाचा हंगाम तोंडावर आलाय. पुढच्या भागात साखर कारखान्याचा बॉयलर घेऊ, तोवर खडू जपून ठेवा. नमस्कार.