'वेल्डिंग मारून द्या' म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

(वडाळा ट्रक टर्मिनसजवळ तरुण मेकॅनिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रांनो, आज बोलायचंय ते ट्रकच्या पुढच्या एक्सलबद्दल, आणि त्याच्या भागांना 'वेल्डिंग मारून द्या' म्हणणाऱ्याला नाही का म्हणायचं याबद्दल. खाली आवारात जो जुना 1613 ट्रक उभा आहे, त्याच्या ड्रायव्हरची तक्रार एका वाक्यात आहे. चाळीसच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं. पुढचं डावं टायर आतल्या कडेने खाल्लंय. ही गाडी दोन ठिकाणी जाऊन आली, दोन्ही ठिकाणी अलाइनमेंट करून मिळालं. अलाइनमेंटने ढिली वस्तू घट्ट होत नाही. किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती. तिचे बुश, म्हणजे तिच्याभोवतीच्या नळ्या, झिजले असतील तर भार पडला की चाकाचा वरचा भाग आत कलतो आणि टायर आतून घासतं. टो-इन, म्हणजे चाकांचा पुढून आत वळलेला कोन, कितीही अचूक ठेवा, रस्त्यावर ते टिकणार नाही.

म्हणून आधी हाताने बघायचं. मागच्या चाकांना ओट (चाक गडगडू नये म्हणून ठोकळा) लावा, पुढच्या एक्सलखाली जॅक द्या आणि घोडी (लोखंडी स्टँड) ठेवल्याशिवाय खाली जाऊ नका. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर हेल्परला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. चाक ज्यावर आवळलेलं असतं तो हब, आणि हब ज्याच्या दांड्यावर फिरतो तो स्टब. ब्रेक दाबल्यावर हे दोन्ही एक होतात, त्यामुळे प्ले (ढिलेपणा) गायब झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा. मग चाक डावं-उजवं धरून हलवा आणि टायरॉड एंडवर (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या जॉइंटवर) दुसऱ्याला बोटं ठेवायला लावा. ढिला जॉइंट बोटांना लगेच कळतो. या पाच मिनिटांत निम्मं निदान होतं, आणि नेमकी हीच पाच मिनिटं घाईत वाचवली जातात.

किंगपिन काढताना आधी कॉटर, म्हणजे तिला अडवणारी आडवी खिळी, काढायचा. तो राहिला आणि वरून घण घातला तर पिन निघत नाही, बीमचं, म्हणजे एक्सलच्या आडव्या दांड्याचं, भोक मात्र खराब होतं. पिन जाम असेल तर गॅसची ज्योत लावायचा मोह होतो. लावू नका. बीम घडीव पोलादाचा आहे, त्याला ठरावीक पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून-निववून मजबुती दिलेली असते, लाल केलात की ती गेली. रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवा, सकाळी हायड्रॉलिक प्रेस लावा. प्रेस नसेल तर भाड्याने आणा.

एक गाडी माझ्याकडे आली होती, सहा महिन्यांत दोनदा किंगपिन किट बदललेली. मालक पार कंटाळलेले. पिन दाबून बाहेर काढली, तर तिच्याबरोबर पातळ पत्र्याची गुंडाळी निघाली. बीमचं भोक मोठं झालं होतं आणि कुणीतरी पत्रा गुंडाळून पिन घट्ट बसवली होती. मायक्रोमीटर लावला, तर भोक मधे ठीक आणि दोन्ही तोंडांशी पसरलेलं. त्या बीमला कितीही नवी किटं घातली असती तरी फुकट गेली असती. तेव्हापासून बीमचं भोक मोजल्याशिवाय मी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात किट आणायला माणूस पाठवत नाही.

नवा बुश दाबताना त्याचं ग्रीसचं भोक निप्पलच्या (जिथून ग्रीस भरतो त्या तोंडाच्या) भोकासमोर येतंय का, हे तार घालून बघा. ते चुकलं तर ग्रीस पोचणार नाही आणि बुश कोरडाच झिजेल. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने (भोक मापात कोरणाऱ्या हत्याराने), एका रेषेत काढा. वेगवेगळे काढलेत तर पिन तिरकी अडकते आणि स्टिअरिंग जड होतं. थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे गाडीचा भार पेलणारं बेअरिंग, बीमच्या खाली येतं, झाकणाची बाजू वर, म्हणजे पाणी आणि माती आत उतरत नाही. वरच्या फटीत शिम (पातळ चकती) घाला. ग्रीस मारताना पुढचा एक्सल उचललेला असू द्या, गाडी टेकलेली असेल तर थ्रस्ट बेअरिंगमध्ये ग्रीस नीट शिरत नाही.

आता स्टब, ज्याच्यासाठी मी आज खरं तर आलो. स्टबचा दांडा जिथे जाड भागाला मिळतो, त्या गोलाईत, बहुतेक खालच्या अंगाला, तडा सुरू होतो, कारण भार पडल्यावर ताण तिथेच येतो. डोळ्याला तो दिसत नाही. आता डाय पेनिट्रंटचे, म्हणजे तडा रंगाने दाखवणारे, स्प्रे मिळतात, ते वापरा. आमच्या उस्तादांची रीत अशी: स्टब स्वच्छ धुवायचा, रॉकेलमध्ये भिजवायचा, कोरडा पुसायचा आणि खडू फासायचा. मग नुसतं बघत बसायचं. मी एकदा असाच बसलो होतो. पांढऱ्या खडूवर हळूहळू केसाएवढी ओली रेघ उमटली, बोटभर लांब. मालक म्हणाले, सीझन आहे, वेल्डिंग मारून द्या.

मी नाही म्हटलं. वेल्डिंगने वरचं तोंड बुजतं, तडा आत तसाच राहतो, आणि शेजारचं लोखंड कडक होऊन नवा तडा तिथून निघतो. स्टब मोडला की चाक निघून जातं, आणि ते घाटात निघालं तर ड्रायव्हरच्या हातात काहीच उरत नाही. तीन दिवस गाडी उभी राहिली, नवा स्टब आला. मालक तेव्हा रागावले, माझी त्याला हरकत नव्हती. स्टब, टायरॉड, ड्रॅगलिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा) यांना वेल्डिंग नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना स्टब स्वस्त मिळेल, पण तपासल्याशिवाय तो घालू नका. त्याने कुठला खड्डा खाल्लाय ते आपल्याला माहीत नसतं.

आपल्याकडच्या पावसाचंही सांगतो. हिंदमाताला किंवा सायनला गाडी पाण्यातून निघाली असेल तर हब उघडून बघा. ग्रीस ताकासारखं पांढरं झालं असेल तर पाणी आत गेलंय. सील बदला, बेअरिंग धुऊन रोलर एकेक तपासा. टायरॉड एंडबद्दल एवढंच की एका बाजूला उलटे आटे असतात, आणि स्प्लिट पिनचं भोक जुळवायला नट सैल करायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा.

भाराबद्दल मालकांशी बोला. 2018 मध्ये दोन एक्सलच्या ट्रकची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 झाली, त्यात पुढच्या एक्सलचीही वाढली. पण या जुन्या गाडीचा बीम आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आधीच्या हिशेबाने घडवलेले आहेत. कागद बदलला म्हणून लोखंड बदलत नाही.

पाटे उतरवलेत तर त्यांना एक्सलशी आवळणारे यू-बोल्ट नवे घाला, आणि पहिली भरलेली फेरी झाली की पुन्हा आवळा. ड्रायव्हरला तसं तोंडी सांगा आणि बिलावरही लिहा.

चला, 1613 जॅकवर घेतलाय. दोघे-दोघे जा. चाक आधी ब्रेक न दाबता हलवा, मग दाबून, आणि काय लागलं ते मला सांगा.