पाळा, नाहीतर निघा
(सोलापुरातल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, समोर बरेच टॉवेलवाले बसलेत, म्हणून तुमच्याच धंद्यापासून सुरुवात करतो. १९९४ साली जर्मनीने काही अझो रंगांवर बंदी घातली. त्यांतून कर्करोग करणारी द्रव्यं सुटू शकतात, हे कारण. ज्यांनी तेव्हा युरोपात माल पाठवला त्यांना आठवत असेल: सूत कशात रंगवलं याचा लॅबचा दाखला आधी, ऑर्डर नंतर. आपल्यापैकी कुणी तिथे दुकान थाटलं नव्हतं, तरी त्यांचा कायदा मुकाट्याने पाळला. १९९७ मध्ये आपल्या सरकारनेही अशा रंगांवर बंदी आणली.

मग तिकडची कंपनी इकडे आली की तिने आपले कायदे पाळावेत का, हे आपण एवढं चाचरत का विचारतो? गुंतवणूक जाईल म्हणून? जाऊ दे की! १९७३ च्या फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना इथला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. कोका-कोला आणि आयबीएमला ते मानवलं नाही. जनता सरकारच्या काळात दोघींनी गाशा गुंडाळला. त्या कायद्याबद्दल माझं मत काही फार बरं नाही, पण कंपन्यांचं वागणं मला सरळ वाटतं. पटत नाही, निघालो. धोरण बदललं तशी कोका-कोला १९९३ मध्ये परत आलीच.

घात करतो तो तिसरा मार्ग. राहायचं, कमवायचं आणि कायद्याला बगल द्यायची. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला ३,००० रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये जकातमाफी दिली. माफी कंपनीच्या मालाला होती. कंपनीचे नोकर मात्र तेच दस्तक, म्हणजे माफीचा परवाना, स्वतःच्या खासगी मालावर दाखवू लागले, मिठावर, सुपारीवर, तंबाखूवर. देशी व्यापारी नाक्यावर जकात मोजतोय आणि गोऱ्या साहेबाचा गुमास्ता कागद फडकावत पुढे चाललाय. नवाब मीर कासिमने तक्रारी करून पाहिल्या. शेवटी वैतागून त्याने सगळ्यांचीच जकात उठवली. कंपनीची सवलत शाबूत होती बरं का! ती दुसऱ्यालाही मिळाली, एवढ्यावरून १७६३ मध्ये लढाई पेटली आणि पुढच्या वर्षी बक्सरची लढाई झाली.

आता कुणी म्हणेल, कायदाच वाईट असला तर? हे सोलापूरकरांनी विचारायलाच हवं. १९३० मध्ये इंग्रजांनी इथे लावलेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, हाही कायदाच म्हणवत होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे या स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिली तीही रीतसर खटला चालवून. चीनमध्ये याहूने शी ताओ या पत्रकाराच्या ईमेलची माहिती सरकारला दिली; २००५ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. आम्ही तिथला कायदा पाळला, असं कंपनी म्हणाली. पाळला खराच. पण माणूस हवाली करायला लावणारा कायदा असेल, तर तिथला धंदा सोडावा. गूगलने २०१० मध्ये चीनसाठी शोधसेवेची काटछाट थांबवून ती हाँगकाँगला हलवली. उशिरा का होईना, तो दुसरा मार्ग होता.

भोपाळला मात्र यातलं काहीच झालं नाही. तिथल्या कारखान्याच्या कंपनीत अमेरिकेच्या युनियन कार्बाइडचा हिस्सा निम्म्याहून जास्त. १९८४ ची वायुगळती झाल्यावर न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दावा भारतात पाठवला, १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि अध्यक्ष वॉरन अँडरसन इथल्या खटल्याला कधी उभे राहिलेच नाहीत. ही झाली त्यांची बाजू. २०१० मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती दोन वर्षांची, वर लगेच जामीन. दोनच का? १९९६ मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणावर आणला होता, आणि त्या कलमात याहून जास्त शिक्षा नव्हती. त्याचं खापर अमेरिकेवर फोडता येत नाही.